सरासरीवर न थांबणारे महालनोबिस



मृगाचा पाऊस लांबला की नांदेडच्या काय किंवा लातूरच्या काय, मोंढ्यात दुसरा विषय नसतो. तुम्ही स्वतः शेती करीत नसाल, गॅरेज चालवीत असाल, शिलाईचे काम करीत असाल, तरी पावसाचा आणि पिकाचा संबंध तुम्हाला कोणी शिकवावा लागत नाही. पाऊस कमी पडला तर तूर वाळते, बेताचा पडला तर साधते आणि काढणीच्या सुमारास धो धो कोसळला तर सोयाबीन रानातच कुजते. आता हीच गोष्ट एखाद्या कारकुनाने कागदावर मांडली, आडव्या रेघेवर पाऊस आणि उभ्या रेघेवर उत्पन्न घेतले, आणि त्या ठिपक्यांमधून फूटपट्टीने एक सरळ रेघ ओढली, तर काय होईल? ठिपके मध्ये वर आणि दोन्ही टोकांना खाली असल्यामुळे रेघ जवळजवळ आडवी येईल. कारकून अहवालात लिहील की पावसाचा पिकाशी काही संबंध दिसत नाही!

हसू नका. सरळ रेघ आधी गृहीत धरून मग आकडे तिच्यात बसवण्याची ही पद्धत जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे वापरली, आणि पुष्कळ ठिकाणी ती उपयोगीही पडते. परंतु दोन गोष्टींमधील संबंधाचा आकार आपण न ठरवता आकड्यांवरूनच काढावा, अशीही एक रीत आहे. तिला आज नॉनपॅरामेट्रिक रिग्रेशन म्हणतात. नाव अवघड आहे, रीत तेवढी अवघड नाही. ह्या रीतीचा एक अगदी सुरुवातीचा नमुना आपल्याच देशात, आपल्याच गोरगरिबांच्या घरखर्चाच्या आकड्यांवर तयार झाला. तो करणारे गृहस्थ म्हणजे प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस. त्यांचे चरित्र आपल्या मुलांनी वाचावे, म्हणून हा लेख.

महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकात्यात एका ब्राह्मो कुटुंबात झाला. घर सुशिक्षित होते, रवींद्रनाथ टागोरांशी स्नेह होता. पुढे टागोरांच्या विश्वभारतीचे चिटणीसपदही त्यांनी बरीच वर्षे सांभाळले. प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ साली पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळवली आणि पुढल्या वर्षी ते विलायतेला गेले. जायचे होते लंडनच्या विद्यापीठात. केंब्रिज सहज पाहायला गेले आणि परतीची शेवटची गाडी चुकली. रात्री एका परिचिताकडे मुक्काम पडला. किंग्ज कॉलेजची इमारत मनात भरली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिथेच अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. गाडी चुकल्याने कोणाचे एवढे भले झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

केंब्रिजला त्यांची रामानुजन यांच्याशी ओळख झाली. थंडीने कुडकुडणाऱ्या रामानुजनना पलंगावरच्या ब्लँकेटांच्या आत शिरून झोपायचे असते हे महालनोबिसांनी दाखवून दिले, अशी एक हकीकत सांगतात. परदेशी शिकायला गेलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात काय काय शिकावे लागते, हे ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांना सांगायला नको.

शिक्षण संपवून परत निघायच्या सुमारास पहिले महायुद्ध चालू होते आणि बोट सुटायला वेळ लागला. त्या रिकाम्या दिवसांत कॉलेजातील एका अध्यापकाने त्यांना बायोमेट्रिका नावाच्या नियतकालिकाचे अंक दाखवले. त्यात माणसांची, प्राण्यांची मापे घेऊन त्यांवर केलेले गणित असे. तरुण महालनोबिस इतके रंगले की त्यांनी अंकांचा संच विकत घेतला आणि बोटीवर वाचत आले. पदार्थविज्ञानाचा अध्यापक म्हणून १९१५ पासून ते प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. संख्याशास्त्राची त्यांची कोणतीही पदवी नव्हती. त्या विषयाचे वर्गच तेव्हा आपल्याकडे नव्हते.

पुढचा धागा आपल्या महाराष्ट्रात सापडतो. सन १९२० मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले होते. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी महालनोबिसांना गाठले. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापे त्यांनी घेऊन ठेवली होती, त्यांचा हिशेब करून द्याल का, असे विचारले. त्या कामातून १९२२ साली महालनोबिसांचा पहिला संख्याशास्त्रीय निबंध निघाला. दोन जनसमूह एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे मोजण्याची त्यांची कसोटी, जिला पुढे महालनोबिस अंतर असे नाव पडले आणि जी आज जगभर वापरली जाते, तिचे मूळ ह्याच प्रश्नात आहे.

त्याच वर्षी उत्तर बंगालात मोठा पूर आला. इंजिनिअर मंडळींनी पाणी अडवून धरणारे मोठमोठे आणि खर्चिक तलाव सुचवले. महालनोबिसांनी १८७० पासूनच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी बाहेर काढून तपासल्या आणि दाखवून दिले की अशा तलावांचा उपयोग होणार नाही. पाणी लवकर वाहून जाईल अशी वाट हवी, असा त्यांचा निष्कर्ष होता. गोदावरीकाठच्या नांदेडकरांना ह्या भांडणाचा अर्थ लगेच कळेल. पन्नास वर्षांच्या जुन्या वह्या धुंडाळण्याचे कंटाळवाणे काम केले म्हणूनच त्यांना इंजिनिअरांना उत्तर देता आले.

प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या खोलीत हळूहळू मुले, हिशेबनीस आणि यंत्रे जमू लागली. त्यातूनच १७ डिसेंबर १९३१ रोजी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. सुरुवातीचा वर्षाचा खर्च काही शेकड्यांत होता. संख्या हे त्यांचे नियतकालिक १९३३ साली निघाले. ढाका विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे काझी मोताहर हुसैन हे तेथे येऊन महालनोबिसांच्या हाताखाली संख्याशास्त्र शिकले आणि परत जाऊन त्यांनी ढाक्यात त्या विषयाचे अध्यापन उभे केले. काझीसाहेब बंगालीतील नावाजलेले निबंधकार होते आणि बुद्धिबळात त्यांना तोड नव्हती. गणित घेतले की माणूस कोरडा होतो असे म्हणणाऱ्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

महालनोबिसांचे मोठे काम पाहणीचे. बंगालात ताग किती एकरांत लावला आहे हे १९३७ पासून ते नमुना पाहणीने काढू लागले. सगळी शेते मोजायची नाहीत, थोडी निवडून मोजायची आणि त्यावरून प्रांताचा अंदाज करायचा. इथे शंका अशी की मोजणाऱ्याने घरी बसूनच आकडे भरले तर? त्यावर त्यांनी काढलेली तोड सांगण्यासारखी आहे. एकाच भागात दोन वेगळे नमुने काढायचे आणि ते दोन वेगळ्या तुकड्यांकडून तपासून घ्यायचे, एकीला दुसरीचा आकडा कळू द्यायचा नाही. दोन्ही आकडे जवळ आले तर ठीक. दूर गेले तर त्या फरकाएवढी चूक आपल्या कामात आहे असे समजायचे. आपल्या चुकीचे माप आपणच आधी छापायचे, ही सवय त्यांनी ह्या देशाच्या पाहण्यांना लावली. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात कोण उद्ध्वस्त झाले, कोणाची जमीन गेली, ह्याचीही नमुना पाहणी त्यांच्या संस्थेने केली.

ते नेहमीच बरोबर ठरले असे मात्र नाही. पीक कापणी प्रयोगात ते लहानसे वर्तुळ आखून तेवढ्याच जागेचे पीक कापून तोलत असत. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा दिल्लीला कृषी संशोधनाच्या कामात होते. त्यांनी दाखवून दिले की वर्तुळ लहान असले की कडेवरची ताटे कापणारा आत धरतो आणि उत्पन्न फुगून दिसते. ह्या वादात सुखात्म्यांची बाजू भक्कम होती आणि पुढे देशात मोठ्या तुकड्यांची पद्धतच चालू राहिली. महालनोबिसांचा स्वभाव कडक होता, वाद ओढवून घेणारा होता. चरित्र लिहिताना हे झाकण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस, सभासद पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. देशाचे उत्पन्न मोजायला बसल्यावर लोक काय खातात, किती खर्च करतात ह्याची माहितीच नाही असे दिसले, आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीसाठी देशभरातून १८३३ खेडी निवडली होती. मराठवाड्याला निजामी राजवटीतून मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ह्या फेरीच्या कामात गोखले संस्थाही होती, आणि पुण्याच्या वेगळ्या प्रश्नपत्रिकांवरील अहवाल वि. म. दांडेकर यांनी लिहिला. दांडेकरांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता ज्या निबंधासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळू. पाहणीच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होऊ लागल्या, तसा प्रश्न आला की दोन फेऱ्यांची तुलना कशी करावी? एका वर्षीचा रुपया आणि दोन वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो. एका ठिकाणी ज्वारी स्वस्त, दुसऱ्या ठिकाणी महाग. महिना शंभर रुपये खर्च करणारे घर एका जागी बरे आणि दुसऱ्या जागी हलाखीचे असू शकते. महालनोबिसांनी रुपये बाजूला ठेवले आणि क्रम घेतला. त्यांचा हा निबंध १९६० साली इकॉनॉमेट्रिका ह्या नियतकालिकात छापून आला. पद्धतीचे नाव फ्रॅक्टाइल ग्राफिकल अ‍ॅनॅलिसिस.

ती अशी. समजा नांदेडच्या एका वस्तीतील दोनशे घरे घेतली. माणशी महिन्याच्या खर्चाप्रमाणे सर्वांत गरीब घरापासून सर्वांत सुस्थितीतल्या घरापर्यंत ती एका ओळीत उभी केली. ओळीचे वीस-वीस घरांचे दहा भाग पाडले. प्रत्येक भागाची, समजा, खर्चापैकी धान्यावर किती जाते ह्याची सरासरी काढली आणि दहा ठिपके जोडले. झाली वक्ररेषा. ती सरळ यावी, वाकडी यावी, मध्येच मोडावी, ह्याबद्दल आपण कोणताही हुकूम केलेला नाही. आता लातूरच्या दोनशे घरांचे तसेच करा आणि दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवा. तळचा दहावा हिस्सा तळच्या दहाव्या हिश्शाशी, वरचा वरच्याशी, अशी तुलना होते. दोन गावांची एकेक सरासरी समोर ठेवली असती तर हे काहीच दिसले नसते.

दोन तुकड्यांची त्यांची जुनी युक्ती इथेही आली. नांदेडची रेषा दोनदा काढायची, दोन वेगळ्या तुकड्यांच्या आकड्यांवरून. दोन रेषांच्या मधली जागा म्हणजे आपली चूक. लातूरचेही तसेच. नांदेड आणि लातूर यांच्या रेषांमधील जागा ह्या चुकीपेक्षा स्पष्ट मोठी असेल तरच फरक आहे असे म्हणायचे. कागद, पेन्सिल आणि दहावीपर्यंतचे गणित एवढ्यावर ही रीत समजते, म्हणून आमच्या मते ती आमच्या शाळांतून शिकवायला हवी.

पुढे जगात ही वाट रुंद झाली. नादाराया आणि वॉटसन ह्या दोघांनी १९६४ साली स्वतंत्रपणे सुचवले की घट्ट भाग पाडण्याऐवजी सरकती खिडकी घ्यावी आणि जवळच्या घरांना जास्त वजन, लांबच्यांना कमी वजन द्यावे. खिडकी किती रुंद ठेवायची हे ठरवणे हीच ह्यातली खरी कसोटी. लातूरच्या डाळ मिलमध्ये चाळणी बदलतात तसेच हे आहे. फार अरुंद ठेवली तर रेषा दातेरी होते आणि एकेका घराच्या लहरीवर नाचते. फार रुंद ठेवली तर सगळे सपाट होऊन पुन्हा सरासरीच हाती येते.

पण एका कारणाऐवजी चार कारणे आली की ही रीत दमते. दोनशे घरे खर्चाने विभागा, मग आईच्या शिक्षणाने, मग शाळेच्या अंतराने, मग घरातील मुलांच्या संख्येने. एकेका कप्प्यात दोन-तीन घरेसुद्धा उरणार नाहीत. ह्यावर अर्थशास्त्रज्ञांनी मधला मार्ग काढला. ज्या कारणांचा परिणाम साधारण सरळ चालतो त्यांना सरळ रेघ द्यायची, आणि ज्या एकाबद्दल शंका आहे त्यालाच मोकळे सोडायचे. हीच सेमीपॅरामेट्रिक पद्धत. अमेरिकेत १९८६ साली चार अभ्यासकांनी विजेच्या वापरावर ती वापरून दाखवली. विजेचा दर, लोकांचे उत्पन्न ह्यांना सरळ रेघ आणि तापमानाला मोकळीक. कारण थंडीत हीटर चालतात, उन्हाळ्यात पंखे आणि कूलर, मधल्या दिवसांत काहीच नाही. रॉबिन्सन यांनी १९८८ मध्ये ह्या मिश्र हिशेबाची पक्की रीत दिली. आधी मोकळ्या कारणाचा परिणाम दोन्ही बाजूंमधून काढून टाकायचा, उरलेल्या आकड्यांत सरळ रेघ बसवायची.

हे आम्ही एवढ्या विस्ताराने का सांगत आहोत? आपल्या संस्थेसारख्या संस्थांपुढे वर्षानुवर्षे एक प्रश्न आहे. मुलींची शाळा आठवीनंतर, दहावीनंतर का सुटते? समजा कोणी अभ्यास केला आणि सरळ रेघ वापरून सांगितले की अंतर एक किलोमीटर वाढले की इतक्या मुली गळतात. ह्यावरून प्रत्येक किलोमीटर सारखाच वाटेल. पण आपल्या घरांत तसे होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मोहल्ल्यात शाळा असेपर्यंत कोणी काही म्हणत नाही. थोडी लांब असली तरी मैत्रिणी बरोबर असतात. एस.टी.ने जायची वेळ आली की मात्र रेषा एकदम खाली येते. ती नेमकी कुठे मोडते हे कळले तर वसतिगृह कुठे बांधायचे, कोणत्या वाटेवर गाडी सुरू करायची हे ठरवता येते. पालकांचे शिक्षण, घरातील मुले यांना सरळ रेघ द्या, अंतराला मोकळे सोडा. अशी नोंद ठेवायला कोणी परदेशी तज्ज्ञ लागत नाही, हजेरीपटाशेजारी एक रकाना पुरतो.

दांडेकरांकडे परत येऊ. निळकंठ रथ यांच्यासह त्यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो ह्याच पाहणीच्या आकड्यांवर उभा होता, आणि त्यात लोकसंख्येचे असेच तळापासून वरपर्यंत हिस्से पाडलेले आहेत. पुढे प्रादेशिक असमतोलाची चौकशी करणाऱ्या समितीचे तेच अध्यक्ष झाले. त्या समितीने १९८४ साली महाराष्ट्राचा एकूण अनुशेष सुमारे ३१८७ कोटी रुपये काढला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. तिथे मोजपट्टी राज्याच्या सरासरीची होती. जिल्ह्याच्या आत, गावाच्या आत, गल्लीच्या आत कोण कुठे आहे हे त्या पट्टीला दिसत नाही, आणि समितीचे ते कामही नव्हते.

आपल्या समाजाची स्थिती आकड्यांत मांडणारा सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात जनगणनेबरोबर राष्ट्रीय नमुना पाहणीचेच आकडे वापरले होते, म्हणजे महालनोबिसांनी लावलेल्या झाडाचेच ते फळ. आणि हे आकडे कुठून येतात? तुमच्या-आमच्या दारातून. पाहणीवाला येतो तेव्हा अर्धी घरे घाबरतात. रेशन कार्ड जाईल, कागद मागतील, म्हणून कमाई कमी सांगतात, मुलगी शाळेत जात नसली तरी जाते म्हणून सांगतात. भीती का वाटते हे आम्ही समजू शकतो. ती अगदी अकारण आहे असेही म्हणणार नाही. पण खोट्या उत्तराने वक्ररेषा जिथे मोडायला हवी तिथे ती सरळ निघते, आणि वसतिगृह दुसऱ्याच गावात बांधले जाते.

महालनोबिसांच्या उरलेल्या आयुष्याबद्दल थोडक्यात. ते १९४५ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा त्यांच्या हातचा. अवजड उद्योगांवरील त्याचा भर बरोबर होता की शेतीची हेळसांड झाली, ह्यावर अजून वाद आहे. संसदेने १९५९ साली कायदा करून त्यांच्या इन्स्टिट्यूटला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. बारावीला गणित घेतलेल्या मुला-मुलींना प्रवेश परीक्षा देऊन तिथे बी.स्टॅट.ला जाता येते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे ह्या परीक्षेचे नाव ऐकून असतात. पद्मविभूषण त्यांना १९६८ मध्ये मिळाले.

कोलकात्यात २८ जून १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना एकोणऐंशी वर्षे पूर्ण झाली असती. त्याच वर्षी मराठवाड्यात पावसाने पाठ फिरवली आणि आमची वडीलधारी माणसे खडी फोडायला गेली. सरकारने २००७ पासून २९ जून हा सांख्यिकी दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. आणि २०२२-२३ साली झालेल्या घरखर्चाच्या देशव्यापी पाहणीचे तक्ते उघडून पाहिलेत, तर तिथेही घरे तळच्या पाच टक्क्यांपासून वरच्या पाच टक्क्यांपर्यंत एका ओळीत उभी केलेली दिसतील.